मुदतवाढ

सकाळी सरांच्या वर्गात बसायचं आणि दुपारी त्यांच्याच केबिनमध्ये अर्धवेळ सहायक म्हणून राबायचं, असा तिचा दुहेरी संसार होता. मुदतवाढ मागणारे मेल ती वाचून दाखवायची, सर उत्तर सांगायचे. नाव मात्र वाचायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. नाव कळलं की मन पाघळतं म्हणे.

आज नऊ जणांना सरांनी सपशेल नकार दिला. दहावा मेल तिने जरा सावकाश वाचला.

"सर, मी शिकता शिकता नोकरी करते. साहेब स्वभावाने चांगले आहेत, पण 'एवढं एकच काम' म्हणत रोज सातपर्यंत अडकवतात. निबंधाला दोन दिवस वाढवून द्याल का?"

सर ताडकन उठले. "कोण हा माणूस? पोरीच्या अभ्यासाचं याला काही सोयरसुतक? दोन दिवस कसले, चांगला आठवडा दे तिला! आणि लिही, उद्यापासून पाचच्या ठोक्याला बॅग उचलायची आणि चालू पडायचं. साहेब काही बोलला तर माझं नाव सांग म्हणावं!"

तिने खाली मान घालून सगळं टाइप केलं आणि पाठवून दिलं.


दुसऱ्याच क्षणी तिच्याच बॅगेतला फोन टुणकन वाजला.