राजवाड्यापुढचा सरदार

“नाव ठसठशीत पायजे,” अप्पांनी पुन्हा बजावलं. “आन् फोटू कुठं कापायचा न्हाय.”

स्नेहलने मान डोलावली, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. राजारामपुरीतल्या त्या कार्यालयात ती कोल्हापूरच्या जुन्या माणसांचे, देवळांचे, वाड्यांचे फोटो जमवून संगणकावर चढवत असे. उद्या प्रदर्शन होतं आणि दारासमोरच्या भिंतीसाठी अप्पांकडचाच फोटो निवडला होता. फेटा बांधलेला, हातात तलवार घेतलेला एक सरदार आणि त्याच्या मागे कमानींचा भव्य राजवाडा. हा राजवाडा नेमका कुठला हे शोधायला स्नेहलने आठवडाभर गावं पालथी घातली होती. फोटोखाली आपल्या आज्याचं, जोतीरामांचं, नाव लागणार म्हणून अप्पा शाहूवाडीहून नवा फेटा बांधून आले होते. उद्या सगळी भावकी येणार होती.

आणि आज सकाळीच तिला उलगडा झाला होता. त्याच कमानी, तोच जिना संग्रहातल्या कितीतरी फोटोंत होता. एकात तर जिन्याला चक्क घडी पडली होती. स्टुडिओतला रंगवलेला पडदा तो! तलवार आणि अंगरखाही स्टुडिओचाच, कधी कुणा मास्तरांच्या अंगावर, कधी कुणा पैलवानाच्या. म्हणजे सरदारकीही उसनीच.

म्हाताऱ्या माणसाला हे सांगायचं कुणी? तिला अप्पांची फार दया आली. तिने आपल्या परीने शहाणपणा केला आणि राजवाडा कापून नुसता चेहरा ठेवला होता. चेहरा तरी खरा होता.

“बघा अप्पा, डोळ्यांत काय तेज आहे,” ती संगणकावर दाखवत म्हणाली.

अप्पांचं तोंड उतरलं. घरून आणलेली फ्रेम त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली आणि काचेवरून बोट फिरवलं.

“मागलं का काढलंस, पोरी?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“रागावू नका, अप्पा. तो राजवाडा खरा नाही. रंगवलेला पडदा आहे.”

“तुला खरा वाटला न्हवं?”

“वाटला. आठवडाभर शोधत होते मी.”

अप्पांची मान ताठ झाली. भावकीला सांगायला आता आणखी एक गोष्ट मिळाली होती.

“मग राजवाडा ऱ्हाऊ दे, आन् ह्यो पुढचा बाप्या काढ. ह्यो कोण, आमास्नी बी ठावं न्हाय. पडदा आज्यानं रंगवलाय.”