न जुळणारं कार्ड

"हे कार्ड या डिस्कले जमत नाही, शेठ," चंद्रभान म्हणाला. "दुसऱ्या कंपनीचं आहे. एका कार्डानं लिहिलेलं दुसऱ्याले वाचता येत नाही."

टेकचंद शेठने चंद्रभानच्या दुकानातल्या टेबलावरच्या, नव्या कंप्यूटरच्या उघड्या पेटीकडे पाहिलं. आत हिरवी पाटी, तारा आणि विटेएवढी जड हार्डडिस्क. बाजूला खाणीच्या ऑफिसातला जुना प्रिंटर.

"मग जमणारं कुठं भेटते?"

"नागपूरले. नंबर लिहून देतो."

१९८९ साल होतं, दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. तुमसरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे चारजण होते, पण कंप्यूटर जोडता येणारा एकटा चंद्रभान. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता. टेकचंद शेठची मॅंगनीजची खाण आंबागडच्या पलीकडे. गेल्या आठवड्यात तिचं छत बसलं आणि चार मजूर गेले. चौघांना बाहेर काढून लगेच खाणीचं तोंड बुजवलं होतं. त्यातच वीज कमीजास्त होऊन ऑफिसातला कंप्यूटर जळाला. डिस्क तेवढी वाचली. तिच्यात मजुरांची हजेरी होती.

"शुक्रवारी चौकशीचा साहेब येऊन राहिला," शेठ म्हणाला. "त्याले कंप्यूटरचीच हजेरी पाहिजे. आमच्या खाणीत सगळं कंप्यूटरवर चालते, असं मीच लिहून देल्लं होतं ना."

"होऊन जाईल."

"चालू झाला का मले सांगजो. तू काही उघडून पाहू नको. एकदोन नावं चुकली आहेत, ते आमचा बाबू सुधरवून घेईल."

मंगळवारी दुपारी शेठचा ड्रायव्हर मंगरू नागपूरहून कार्ड घेऊन आला, दुकानात ठेवून जेवायला गेला. चंद्रभानने कार्ड बसवलं, तारांच्या दोन्ही पट्ट्या जोडल्या. ऊन तोंडावर येत होतं म्हणून शटर अर्धं खाली ओढलं.

संध्याकाळी शेठ आला तेव्हा पडदा काळा होता.

"काहून?"

"पट्टी ढिली आहे. तिकडून सिग्नल येत नाही. उद्या भंडाऱ्याहून दुसरी आणतो."

चंद्रभानने खाली बघत स्क्रू आवळायला घेतला.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पायांना रस्त्याची धूळ. बाहेर शेठची जीप पाहून ती थांबली होती.

"शेठजी, मी पार्वताबाई. तेजरामची घरवाली. त्याचा काही पत्ता लागला का जी?"

"किती खेपा सांगू, बाई? छत बसलं त्याच्या आदल्या दिवशीच हिशोब घेऊन गेला तो. नागपूरले गेला म्हणते."

"डब्बा नेला होता त्यानं. नागपूरले जाणारा माणूस भाकरीचा डब्बा कायले नेईल?"

"ते मले काय माहीत?" शेठ शांतपणे म्हणाला. "येईल दिवाळीले."

बाईने चंद्रभानकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. ती गेली.

बुधवारी पहिल्या बसने तो भंडाऱ्याला गेला आणि दुपारनंतर परतला. नवी पट्टी आणली होती. तरी पडदा काळाच.

गुरुवारी सकाळी शेठने मंगरूला दुकानात बसवलं. "काम होईपर्यंत हा इथंच राहील," एवढंच म्हणाला. मंगरू दारात स्टूल टाकून बसला. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, दुकान बंद आहे. दुपारी चंद्रभान जेवायला घरी निघाला, तर मंगरूने दारात पाय आडवा केला.

"डब्बा इथंच मागवून घे."

संध्याकाळी चंद्रभान म्हणाला, "हा मॉनिटर या मशीनचा नाही, शेठ. जबरदस्ती लावला तर जळून जाईल."

टेकचंद शेठ त्याच्या अगदी जवळ आला. आवाज मात्र चढवला नाही.

"पोरगी कोणत्या शाळेत जाते तुझी?"

"कन्या शाळेत."

"एकटीच जाते. मंगरूनं पाहिलं तिले. शुक्रवारी सकाळी मले हे चालू पाहिजे."

शुक्रवारी सकाळी ते चालू नव्हतं. शेठ आठ वाजल्यापासून दुकानात बसून होता. त्याचा बाबूही बाजूला उभा होता. साडेदहाला बाहेर सरकारी जीप थांबली. साहेब खाणीवर जातील असं शेठला वाटलं होतं, पण ते थेट इथेच उतरले. मागच्या जीपमधून चार शिपाई उतरले.

शेठ हात जोडून पुढे झाला. "साहेब, कंप्यूटर जळाला, त्याले आम्ही काय करणार. नवा जोडून राहिलो, पण एक पार्ट दुसऱ्याले जमत नाही. या मिस्त्रीलेच विचारा. आठ दिवस द्या, हजेरी आणून देतो. चार माणसं होती आत. चौघांच्या घरी मी स्वतः गेलो."

साहेबांनी बॅगेतून दोन्ही कडांना भोकं असलेला लांब कागद काढून उलगडला.

"बुधवारी भंडाऱ्याला ही यादी माझ्या हातात आली. छत बसलं त्या पाळीत आत गेलेली सात नावं आहेत. पाचवं तेजरामचं." ते चंद्रभानकडे वळले. "मूळ नोंद दाखवता येईल? हे तर म्हणतात, मशीन चालत नाही."

चंद्रभानने मागची मॉनिटरच्या वायरची पिन काढून शेजारच्या भोकात बसवली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं चढू लागली.

"चालते ना, साहेब," तो म्हणाला. "मंगळवारच्या दुपारपासून चालून राहिलं."