न घातलेलं पाणी

"पानी घातलांच नव्हतां मी," कृष्णाबाई म्हणाली आणि हसली.

फादर सायमन यांच्या हातातली बशी कलली. गरम चहा पांढऱ्या झग्यावर सांडला, तरी चटका बसल्याचं त्यांना कळलं नाही.

पनवेलच्या चर्चमध्ये बदलून येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. जन्म इथलाच, पण ते दोन वर्षांचे असताना बिऱ्हाड मुंबईला हललं. तिथेच शाळा, तिथेच सेमिनरी, आणि अठ्ठ्याऐंशी साली बिशपांनी डोक्यावर हात ठेवून दिलेली गुरुदीक्षा. त्याला आता तीन वर्षं झाली. बदलीचा कागद हातात पडला तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की कोळीवाड्यात जाऊन त्या सुइणीला लुगडं द्यायचं. आई जन्मभर सांगत आली होती: तू निळा पडून जन्मलास, श्वास नव्हता. फादरला बोलवायलाही वेळ नव्हता. मी कृष्णाबाईला म्हटलं, पोराच्या डोक्यावर पाणी ओत आणि मी सांगते ते शब्द म्हण. मग माझी शुद्ध गेली. एका हिंदू बाईच्या हातून तुझा बाप्तिस्मा झालाय, विसरू नकोस.

चर्चला ते मान्य असतं. जीव जायची वेळ आली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, माणूस कोणत्याही धर्माचं असो. पाणी हवं आणि ते शब्द हवेत. सकाळीच फादरांनी जुनी नोंदवही काढून पाहिली होती. 'सुईण कृष्णाबाई हिच्या हस्ते, घरी,' असं तिच्यात लिहिलेलं होतं. म्हणून पुढे चर्चमध्ये नुसतं पवित्र तेल लावलं गेलं. पाणी पुन्हा घालायचं नसतं.

"मावशी, आठवून सांगा. थोडंसं तरी? डोक्याला ओला हात तरी लागला असेल?"

"अरं बाला, शेकडो पोरां काडली या हातांनी, पन तुजां सगलां आठवतंय. तुला पालथा घेतला, पाठीत चापट दिली, एकवीरा आईला हाक मारली. तू रडलास. मंग पानी कशाला? तां तुमचां पानी मरनाऱ्या पोराचां. तू तं जिता झालास!"

"आणि आईनं विचारलं तेव्हा?"

"घातलां म्हटलां. ओली बालंतीन, तिचा जीव घाबरा झालता. तुमचा तवाचा फादर आला, त्याला बी तसांच सांगितलां." नवं लुगडं मांडीवर घेऊन ती त्याच्या काठावरून हात फिरवत होती. "येवरां तोंड कशाला उतरलां तुजां? जगलास ना?"

जगलो. पण ज्याचा बाप्तिस्माच नाही त्याला फादर होताच येत नाही, म्हणजे त्यावर उभं केलेलं काहीच खरं नाही. बिशपांनी हात ठेवला होता तो भलत्याच्याच डोक्यावर. तीन वर्षं वेदीवर अर्पण केलेल्या मिस्सा पोकळ. जाळीपलीकडून रडत रडत पापं सांगणाऱ्यांना दिलेली क्षमा पोकळ. आणि आई! गेल्या वर्षी ती गेली. शेवटची कबुली माझ्या लेकाजवळच देणार, म्हणून हट्ट धरून बसली होती. त्यानं क्षमेचे शब्द म्हटले तेव्हा किती निश्चिंत झाला होता तिचा चेहरा.

सायमन भिंतीला धरून उठला. तेवढ्यात दारात लुर्दिन येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"फादर, तुम्हाला कुठे कुठे शोधलं! लवकर चला. सासऱ्यांचं काही खरं नाही. फादरला आणा, एवढंच म्हणतायत."

तिचे सासरे म्हणजे मिंगेलकाका. चाळीस वर्षं त्यांनी चर्चची घंटा वाजवली होती आणि गावातल्या ख्रिस्ती पोरांना धर्मशिक्षण दिलं होतं. आठवडाभर ते सरकारी दवाखान्यात पडून होते. वाटेत सायमननं रिक्षा थांबवली आणि एका पीसीओवरून उरणच्या फादरांना फोन केला. लुर्दिन बावचळून बघत राहिली.

सायमन खाटेजवळ पोचल्यावर मिंगेलकाकांनी डोळे उघडले.

"आलात, फादर? माझी कबुली घ्या."

नुसतं मान हलवायचा अवकाश होता. कोणाला कळणार नव्हतं, आणि म्हातारा सुखानं डोळे मिटणार होता. कृष्णाबाई खोटं का बोलली, ते त्या क्षणी सायमनला नीट कळलं.

"काका, मी फादर नाही."

लुर्दिननं तोंडावर हात ठेवला. सायमननं सगळं सांगितलं, जसं नुकतंच ऐकलं होतं तसं, अडखळत. "उरणचे फादर निघालेत. तासाभरात पोचतील. तोवर मी बसतो इथे. आपण दोघं प्रार्थना करू."

मिंगेलकाकांनी माठाकडे बोट केलं.

"पाणी आण."

सायमननं माठातून पेला भरून आणला आणि त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी तोंड फिरवलं.

"मला नको. खाली वाक."

हे असं करायचं नसतं, आधी बिशपांना विचारायला हवं, हे सायमनला ठाऊक होतं. पण त्याचे गुडघे टेकले होते आणि मानही खाली गेली होती. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी पेला घेतला. हात इतके कापत होते, की लुर्दिननं पुढे होऊन खालून आधार दिला.

"सायमन, मी तुला बाप्तिस्मा देतो. पित्याच्या नावाने..." डोक्यावर पाणी पडलं. "पुत्राच्या..." पुन्हा पडलं. मग श्वास पुरेना. लुर्दिन थांबून राहिली. "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

पेल्यातलं उरलेलं पाणी सायमनच्या केसांतून, कानांवरून झग्याच्या कॉलरमध्ये उतरलं. तो लहान पोरासारखा रडायला लागला.

मिंगेलकाकांनी मान उशीवर टाकली.

"निम्मं काम झालं," ते म्हणाले. "उरलेलं बिशपांना करायला सांग."