पाचव्या दुकानात

"हे नाय ठेवत आम्ही." तलासरीचा मेडिकलवाला चिठ्ठी वाचून हसला. "पुढे बघ, मावशी."

पुढे म्हणजे अच्छाड.

दुसऱ्या दिवशी अच्छाडला हायवे ओलांडताना सुकीने खाली पाहिलं नाही. सहा महिन्यांपूर्वी इथेच दिपक ट्रकखाली गेला. एकुलता. तेव्हापासून त्याचा बाप बोलत नाही. लहान्या. तिचा नवरा. ती जवळ बसून भरवेल तेवढंच खातो.

अच्छाडच्या दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट केली. "गोळीचं नाव कुठाय यात?"

तिला काय ठाऊक. तिला वाचता येत नव्हतं.

लहान्याला तपासून दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "ही चिठ्ठी बाहेर निलमताईला दे. ती बघेल सगळं." बाहेर टेबल होतं. संस्थेचा बोर्ड होता. निलमताई नव्हती. ती आता पुढच्या बुधवारी, कुणीतरी म्हणालं.

आठ दिवस औषधाविना?

डॉक्टरची चिठ्ठी मेडिकलात द्यायची असते. एवढं सुकीला कळत होतं.

तिसरा दिवस. डहाणू. दोन दुकानं. नाही. नाही.

चौथा दिवस. वाणगाव.

स्टेशनजवळच्या दुकानात विपुलशेठनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग काउंटरची फळी उचलून ते बाहेर आले.

"मावशी, घरी त्याच्याजवळ कोण आहे आत्ता?"

"कोण असणार? मीच असते. पण चार दिस झाले, हे शोधत फिरते. सकाळी निघते ती दिवेलागणीला पोचते."

"आणि तो?"

"बसतो एकटा. खात नाय." ती थांबली. "आज निघताना माझ्या लुगड्याचा काठ धरला त्याने. सहा महिन्यांत पहिल्यांदा हात उचलला. सोडीचना. मीच एकेक बोट सोडवलं. म्हटलं, औषध घेऊन येते."

बाहेर गाडी येऊन थांबली, निघून गेली.

"सांगा ना शेठ. आता कुठं मिळेल हे?"

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि चिठ्ठी वाचून दाखवली.

"निलम, लहान्याला गोळ्या नकोत. त्याला एकटं ठेवू नका. बायको जवळ बसते, तेवढंच लागू पडतंय."