चहा न मिळालेलं घर

गेल्या निवडणुकीत लोर्कन मोजक्या मतांनी पडला होता. या खेपेला आयर्लंडच्या डोनेगलमधलं एकही दार तो सोडत नव्हता.

"आमचं बंद पडलेलं पोस्ट उघडशील?" ब्रिजी हेगार्टीने उंबऱ्यातच विचारलं.

प्रचाराला सोबत आलेल्या डर्व्हलाने त्याचा कोपर दाबला. ‘हो’ म्हणायला काय जातं?

"नाही," लोर्कन म्हणाला. "पोस्ट आता उघडणार नाही. खटपट केली तर आठवड्यातून एकदा पोस्टाची गाडी येईल, तीही नक्की नाही."

"तुझ्याआधी आलेले सगळे उघडतो म्हणाले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पहिल्या पसंतीचं मत तुलाच, असं प्रत्येकाला सांगितलं. चहाही पाजला."

"आणि मला?"

ब्रिजीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला कशाला सांगू? बघू," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

फाटकाबाहेर येताच डर्व्हला करवादली, "घालवलंस एक मत. चहासुद्धा नाही मिळाला."

लोर्कन शीळ घालत पुढच्या घराकडे वळला.

"सकाळपासून घरोघरी चहा पितोय," तो म्हणाला. "पक्कं मत हे पहिलंच."