तात्पुरता आवाज

बाहुली स्क्रीनवर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझी बाहुली घेतली नाहीस? मग खेळायला कशाला आलीस गं, फुकटे? चल, हो बाजूला."

आवाज समीक्षाचाच होता.

खरा आवाज नंतर कलाकाराकडून घ्यायचा, तोवर ऑफिसातल्याच कुणीतरी काहीबाही बोलून जागा भरून ठेवायची, ही गेम बनवणाऱ्यांची नेहमीची रीत. समीक्षाने वैतागून हे बरळून ठेवलं होतं. खरं वाक्य तिने वेगळं लिहिलं होतं: "बाहुली नसली तरी ये. बस इथे, खेळूया." त्या वाक्यासाठी ती महिनाभर भांडली होती. गेम बाहुल्या विकणाऱ्या कंपनीसाठी असला म्हणून काय झालं, जिला घरचे बाहुली घेऊन देत नाहीत त्या पोरीलाही तो खेळता आला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. आणि नितेश, या मरोळच्या गाळ्यातल्या स्टुडिओचा मालक, दर वेळी "हो गं, बदलतो" म्हणून बदलायचं सोयीस्कर विसरला होता.

कंपनीचा देवदत्त खुर्चीत पुढे सरकला. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि जन्मात कधी पोराबाळांसोबत जमिनीवर न बसलेल्या माणसाचा आत्मविश्वास.

"परत लावा," तो म्हणाला. परत ऐकून खूश होऊन हसला. "एक नंबर. पोरगी रडत आईकडे जाणार, आई संध्याकाळी दुकानात. हेच तर हवं होतं आम्हाला."

"मुद्दामच ठेवलंय सर," नितेश म्हणाला. लाज कोळून प्यायला होता मेला.

"मुद्दाम नाही, चुकून राहिलंय," समीक्षा म्हणाली. "ते निघणार. बाहुली नसलेल्या पोरींना हाकलायचं नाही, असं ठरलंय आपलं."

"काढायचं नाही, मॅडम. उलट नीट रेकॉर्ड करा. आणि आवाज तुमचाच हवा. एवढा तिटकारा भल्याभल्या कलाकारांना जमत नाही."

"तो पोरींचा तिटकारा नव्हता, तुमचा होता. तुमचं थोबाड डोळ्यांसमोर आणलं आणि बोलले."

नितेशचा चेहरा पांढराफटक पडला. देवदत्तला मात्र काही म्हणजे काही लागलं नाही. "मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "मी समोर बसतो. करा सुरू."

नितेशने तिला दाराशी ओढलं. "हे काम गेलं तर गाळ्याला टाळं लागेल, समी. चौघंही घरी बसू. एक वाक्य आहे यार, बोलून टाक ना."

पर्स उचलून तडक चालू पडावं, असं तिला फार वाटलं. पण ती कोपऱ्यात गेली. तिथे दोन गाद्या उभ्या करून मध्ये माईक ठेवला होता. त्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे एवढाच. नितेशने एसी बंद केला. डोक्यावरून विमान घरघरत गेलं. विमानतळाच्या उशाशी गाळा घ्यायची अक्कलही त्याचीच.

देवदत्त स्टूल ओढून समोर बसला आणि त्याने अंगठा वर केला. समीक्षा त्याच्याकडे बघून बोलली. अगदीच पुळचट निघालं.

"छे, मघासारखं नाही," देवदत्त म्हणाला.

मघासारखं येणार कुठून? त्याचा राग आता येतच नव्हता. तो जसा होता तसाच होता, आणि त्या पोरींना 'ये' म्हणायचा शब्द काही त्याने दिला नव्हता, तिने दिला होता.

माईकच्या मागे एक बंद मॉनिटर होता. त्याच्या काळ्या काचेत समीक्षाला आपला चेहरा दिसला, आज्ञाधारक, तोंड माईकला लावलेला. तिने नजर तिथेच रोखली. पुढचं विमान जाऊ दिलं. मग ते वाक्य बोलली, सावकाश, शब्द न् शब्द.

देवदत्त हसायचा थांबला, आणि त्याने स्टूल जरा मागे सरकवलं.