असेल इथेच कुठेतरी
धाकट्या भावाचे दम्याचे पंप घरभर लोळायचे. एक उशीखाली, एक बुटात, एक चक्क फ्रिजवर. विचारलं की उत्तर ठरलेलं, "असेल गं ताई, इथेच कुठेतरी!" मी पडले टापटिपीची. काल सगळे पंप वेचून डब्यात भरले, वर नाव लिहिलं, डबा कपाटात ठेवला आणि पुन्हा पसारा नको म्हणून कुलूप घातलं. किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. आज दुपारी त्याला धाप लागली. सवयीने हात उशीखाली गेला, बुटात गेला, रिकामाच परतला. छातीतून शिट्टी वाजू लागली, ओठ निळे पडले. मी किल्लीसाठी धावले. खिळा मोकळा! सकाळी त्यानेच कपाटातून टॉवेल काढला होता. कपाटाचं दार गदागदा हलवलं, उघडेना. "अरे, किल्ली कुठे ठेवलीस?" मी किंचाळले. त्याचे ओठ हलले. ठरलेलं उत्तर द्यायलाही त्याच्याकडे श्वास उरला नव्हता.